येसराच्या पाकिटावरचे ठिपके

आमचं जेवणाचं टेबल सध्या भोसरीला, माझ्या मेहुण्याच्या खोलीत आहे. ते तिथं तात्पुरतं गेलेलं आहे. 'तात्पुरतं' हा शब्द मेहुण्याचा.

टेबलाच्या जागी रहाटणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक डिजिटल रंगीत प्रिंटर उभा आहे. 'उभा' हा शब्द मात्र माझा आणि तो मुद्दाम वापरला आहे. प्रिंटर म्हटलं की टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारी पेटी डोळ्यांसमोर येते. हा तसा नाही. याला चाकं आहेत, कागदाचे खण आहेत, आणि वरचं झाकण उघडलं की तो आईपेक्षा उंच होतो. मेहुणा सचिन भोसरीत ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, त्याच्या शेजारचं एक ऑफिस बंद झालं. जाताना त्यांनी सांगितलं, ज्याला हवं त्यानं हे यंत्र घेऊन जावं. सचिनला ते नको होतं, म्हणून त्यानं ते आम्हाला आणलं.

"दाजी, असा पीस पुन्हा मिळत नाही," तो म्हणाला. (पुन्हा मिळू नये अशीच इमारतीतल्या बाकीच्या लोकांची इच्छा होती. यंत्र चढवताना लिफ्ट बराच वेळ आमच्याकडेच होती.)

यंत्राची गरज मात्र खरी होती. तिचं कारण येसर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ज्वारी, डाळी आणि मसाले खरपूस भाजून दळले की येसर होतं. ते पाण्यात कालवून उकळायचं, वर लसणाची झणझणीत फोडणी घालायची, की आमटी तयार. आमच्या धाराशिवकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी नसेल तर लग्न नक्की लागलं का, अशी शंका घेतात. आईच्या हातचं येसर आमच्या भावकीत प्रसिद्ध आहे. ते विकावं, ही कल्पना माझ्या बायकोची, मीनाची.

तिचा हिशेब सरळ होता. चाकणच्या कंपन्यांत आमच्याकडची, लातूरकडची, नांदेडकडची माणसं भरपूर. एकेका खोलीत चौघं राहतात, शिफ्टवरून येऊन भात लावतात आणि त्यावर काय घालावं याचा विचार करत बसतात. त्यांना येसर मिळालं तर ते दुसरं काही मागणार नाहीत. चाकणला कंपन्यांच्या रस्त्यावर एका काकूंचं मोठं किराणा दुकान आहे. मीना तिथं नमुना घेऊन गेली. काकूंनी चव घेतली, मान हलवली आणि अट घातली.

"चव बेस हाय. पण ही पोरं चित्र बघून उचलत्यात. पाकिटावर झ्याक फोटू लावून सोमवारी आणा, मी गल्ल्याजवळ ठेवते. न्हाईतर मागल्या फळीवर, फिनेलच्या शेजारी."

गल्ला की फिनेल, एवढाच प्रश्न होता. सगळं फोटोवर ठरणार होतं, आणि फोटो मी छापणार होतो.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत. फोटो कसा छापायचा हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती. घरात तशी हिंमतही कुणी केली नाही. पुढे जे घडलं त्याचं हे मुख्य कारण.

फोटो मीच मोबाइलवर काढला. आईची पितळी वाटी घेतली, तीत येसर भरलं, खाली घोंगडीचा तुकडा अंथरला. तरी काहीतरी कमी वाटत होतं. गावाकडचा आभास हवा म्हणून मी ओट्याखालच्या डब्यातून ओंजळभर ज्वारी काढली आणि वाटीभोवती कलात्मक पद्धतीनं विखुरली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "ज्वारी कुठली घेतलास रं?"

"खालच्या डब्यातली."

"ती जुनी हाय. कबुतरासाठी काढून ठेवलेली."

"फोटोला काय कळतंय, आई?"

"फोटोला न्हाई कळत," आई म्हणाली आणि कुकरकडे वळली.

(हे वाक्य मी तेव्हा संमती म्हणून घेतलं.)

आता यंत्राच्या सेटिंगविषयी थोडं. छापलेला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. ठिपके बारीक आणि दाट असले की डोळा फसतो आणि सलग चित्र दिसतं. ठिपके मोठे की बारीक, फोटो फिकट की गडद, हे सगळं यंत्राच्या पडद्यावर निवडता येतं. आता वर्तमानपत्राचा कागद असतो खरबरीत. त्यावर शाई पसरते. म्हणून आम्ही डेस्कवाले ठिपके मोठे ठेवायचो आणि फोटो आधीच फिकट करायचो, म्हणजे शाई पसरल्यावर तो बरोबर दिसतो. वर्षानुवर्षं हेच केलं होतं. मी ठिपके सर्वांत मोठे केले, फोटो फिकट केला आणि छपाईचा हुकूम दिला.

"दाजी, इथं 'ऑटो' म्हणून एक बटण आहे," सचिन म्हणाला.

"ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्यासाठी असतं ते."

"मग मी दाबू का?"

माझं लक्ष यंत्रातून बाहेर येणाऱ्या कागदाकडे होतं. लेबलांचा तो कागद गुळगुळीत आणि चकचकीत होता. त्यावर शाई पसरत नाही. (किंबहुना या यंत्रात शाईच नसते, रंगाची कोरडी पूड असते. ही माहितीही माझ्याकडे होती. तिचा उपयोग करावा असं सुचलं नाही, इतकंच.) परिणामी, पसरणार म्हणून मोठे ठेवलेले ठिपके न पसरता, जागच्या जागी, एकमेकांपासून अंतर राखून उभे राहिले.

मी लेबल हात लांब करून धरलं. डेस्कवर पान असंच बघतात. वाटी उठून दिसत होती, येसर खमंग दिसत होतं. मी समाधानानं मान डोलावली. मीनानं ते माझ्या हातातून घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"अहो, हे पिठात काळं काळं काय आहे?"

"ते ठिपके. फोटो असाच छापतात. जवळून बघायचा नसतो तो."

"लोक पाकीट जवळूनच बघतात."

"पेपरसुद्धा जवळूनच वाचतात."

"पेपरातल्या फोटोतलं कुणी आमटीत घालत नाही," मीना म्हणाली. पण सोमवार तोंडावर आला होता आणि घरातला छपाईतज्ज्ञ मी होतो. लेबलं पाकिटांवर लागली.

सोमवारी आम्ही दोघं स्कूटरवर पिशव्या लादून चाकणला गेलो. काकू गल्ल्यावर होत्या. त्यांनी पाकीट घेतलं आणि माझ्यासारखंच हात लांब करून धरलं. मला त्या बाईंविषयी एकदम आदर वाटला.

"झ्याक आलाय की फोटू."

मी मीनाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती काकूंच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होती. तो हात गळ्यात अडकवलेल्या चष्म्याकडे चालला होता. काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पाकीट जवळ घेतलं आणि एका ठिपक्यावर बोट टेकवलं.

"ताई, यात तर किडं हायत."

"किडे नाहीत ते," मी पुढे झालो. "ठिपके आहेत. त्याचं असं आहे काकू, कोणताही छापील फोटो म्हणजे मुळात..."

"किडं पिठात असंच असत्यात. मी किराणावाली हाय. मला सांगू नगा."

मागं रांगेत कंपनीचा गणवेश घातलेला एक मिशीवाला ऑपरेटर तेलाची पिशवी घेऊन उभा होता. त्यानं मान पुढे काढली. "कशात किडे निघालेत, काकू?"

"येसरात."

"येसर?" त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "अरारारा! येसर मिळायलंय, आन् त्यात किडे?"

"किडे नाहीत, ठिपके आहेत," मी त्यालाही सांगितलं.

"म्हंजे मेलेले?" त्यानं विचारलं.

रांगेतल्या दोघांनी हातातल्या पिठाच्या पिशव्या उघडून आत पाहिलं. काकूंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी पाकिटं माझ्याकडे सरकवली. "दुसरं लेबल लावून पुढच्या सोमवारी या. एकदा बघते. तवाबी असंच असलं तर फिनेलपाशीबी जागा न्हाई."

परतीच्या वाटेवर मोशीच्या चौकात गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. मीना मागून एकच वाक्य बोलली, "आईंना सांगू नका."

घरी दार आईनंच उघडलं. आमच्या हातांतल्या पिशव्या गेल्या तशाच परत आलेल्या होत्या, त्यामुळे सांगावंच लागलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. कढईत ज्वारी भाजायला टाकलेली होती. तिनं गॅस बंद केला.

"इतकी वर्षं भाजायले मी. माझ्या येसराला किडं कुणी म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "राहू द्या तुमचा धंदा."

मीना तिच्याजवळ जाऊन बसली. मी यंत्राजवळ जाऊन बसलो. तो आठवडा मी त्या पडद्यावरचं प्रत्येक सेटिंग उघडून पाहिलं. ठिपके सर्वांत बारीक केले. रंग दाट केला. कागदाचा प्रकार बदलला. एका प्रयत्नात येसर हिरवं आलं, दुसऱ्यात जांभळं. तिसऱ्यात वाटी सोन्याची आणि येसर राखेसारखं, म्हणजे एकूण चित्र अस्थिकलशाच्या जवळ गेलं. सचिन संध्याकाळी येऊन टाकाऊ लेबलं गोळा करायचा आणि "ऑटो" एवढंच म्हणायचा. मी त्याला टेबलाची आठवण करून द्यायचो, की तो जायचा.

अखेर साधलं. यंत्र एकेक लेबल विचार करून बाहेर काढू लागलं. डेस्कवर फोटोचे ठिपके तपासायचं एक भिंग माझ्याकडे अजून आहे. ते मी लेबलावर, वाटीच्या बरोबर मध्यावर ठेवलं. ठिपके नावालाही नव्हते. येसराचा कण न् कण वेगळा दिसत होता. (मध्यावरच का, तर डेस्कवर आम्ही पुढाऱ्याचा चेहरा तेवढा तपासायचो. कडेला कोण उभं आहे याची चौकशी दुसऱ्या दिवशी फोन आल्यावर व्हायची.) मीनानं लांबूनच "बरं आहे" म्हटलं. तिला आता त्या वाटीकडे बघवत नव्हतं.

पुढच्या सोमवारी आईनं नऊवारी काढली.

"तू कुठं?" मी विचारलं.

"किडं म्हणणारी बाई बघायची हाय मला."

आम्ही रिक्षा केली. दुकानात काकू होत्या. रांगेत तो मिशीवाला ऑपरेटरही होता. त्याची शिफ्ट आणि आमचा सोमवार जुळत असावेत. "आले का किडेवाले?" त्यानं आपुलकीनं विचारलं. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तेलाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मी काकूंपुढे पाकीट ठेवलं. बोलण्यात वेळ घालवायचा नाही असं ठरवून आलो होतो. खिशातून भिंग काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"चष्मा राहू द्या काकू. हे घ्या. यातून बघा, आणि एक जरी ठिपका दिसला तर सांगा."

काकूंनी भिंग लेबलावर ठेवलं. त्या वाटीच्या मध्यापासून सुरू झाल्या. मी मंद हसत होतो. भिंग सावकाश सरकत कडेकडे गेलं, विखुरलेल्या ज्वारीवर आलं आणि थांबलं.

"साहेब," काकू म्हणाल्या, "मागच्या येळचं सगळं गेलं."

"बघा."

"हा एकच ऱ्हायलाय."

मी भिंग घेतलं. वाटीच्या काठाशी, ज्वारीच्या दाण्याला टेकून, एक टोका उभा होता. धान्यात होतो तो, सोंडेचा, तपकिरी. मोबाइलवर मी त्याला टरफल समजलो होतो, आणि पहिल्या छपाईत तो माझ्या ठिपक्यांच्या गर्दीत मिसळून गेला होता. आता सर्वोत्तम दर्जाच्या छपाईत त्याची सोंड आली होती, पाय आले होते, पाठीवरची नक्षीसुद्धा आली होती. मी आणलेल्या प्रत्येक पाकिटावर तो होता.

"हाबी ठिपकाच का?" काकूंनी विचारलं.

ऑपरेटरनं वाकून पाहिलं. "ह्यो तर जिवंत हाय की!"

मी काही बोलणार इतक्यात आई पुढे आली. तिनं भिंगाला हातही लावला नाही. लेबलाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कबुतराची ज्वारी," ती म्हणाली.

नंतर तिनं काकूंकडे एक ताट मागितलं. पाकीट फोडून सगळं येसर ताटात ओतलं आणि बोटांनी पसरलं. "बाई, तुम्ही किराणावाल्या हाव ना? बघा. ह्यात एक निघाला तर मी आजच्या आज गावाकडं जाते."

काकूंनी पाहिलं. खरं तर सगळ्यांनीच पाहिलं. रांग मोडून माणसं ताटाभोवती उभी राहिली. पीठ स्वच्छ होतं. पण माणसाच्या डोळ्यांत एकदा किडा शिरला की नुसत्या बघण्यानं तो निघत नाही, आणि हे आईला माझ्यापेक्षा आधी कळलं. दुकानाला लागूनच चहाची टपरी होती. मीनानं टपरीवाल्याकडून पातेलं घेतलं, काकूंनी न मागता लसूण दिला. ऑपरेटरच्या तेलाच्या पिशवीचा कोपरा कुणी कापला, याविषयी एकमत नाही. आईनं पदर खोचला आणि ती चहाच्या स्टोव्हसमोर उभी राहिली.

फोडणी पडली. मग उकळी आली. रस्त्यावरून चाललेल्या दोन दुचाक्या पुढे जाऊन थांबल्या आणि वळून आल्या.

"आमटी कुणाकडं शिजायलीय?" त्यातल्या एकानं विचारलं.

"हितं," ऑपरेटर अधिकारानं म्हणाला. "तेल माझं हाय."

चहाचे कागदी कप भरले गेले. ऑपरेटरनं पहिला घोट घेतला. बराच वेळ त्यानं कपातून तोंड वर केलं नाही.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"काही न्हाई, मावशी. चुलत भावाच्या लग्नाला सुट्टी मिळाली न्हवती." त्यानं कप पुढे केला. "अजून थोडी वाढा."

काकूंनीही एक कप घेतला, रिकामा करून खाली ठेवला आणि निकाल दिला. "पाकिटं गल्ल्याजवळ ऱ्हातील. पर हा फोटू न्हाई चालायचा. फोटू लावा ह्यांचा." त्यांनी आईकडे बोट केलं. आई पळी हातात घेऊन पातेल्यापाशी उभी होती.

मीनानं मोबाइल काढला. मी सवयीनं सूचना केली, "आई, जरा हसून बघ." आईनं माझ्याकडे पाहिलं. जुनी ज्वारी, भिंग, ठिपके, सगळं त्या नजरेत होतं. नेमका तोच क्षण मीनानं टिपला.

"दुसरा घेऊ का?" तिनं विचारलं.

"आजाबात न्हाई," काकू म्हणाल्या. "ह्या तोंडाकडं बघून किडा म्हणायची कुणाची छाती हाय?"

त्या संध्याकाळी लेबल सचिननं छापलं. त्यानं कागद भरला आणि 'ऑटो' दाबलं. पहिलंच लेबल बरोबर आलं. त्यानं मला काहीही म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. तो फक्त टेबलाच्या मापाचं एक कापड मीनाकडून मागून घेऊन गेला.

आता चाकणला गल्ल्याजवळ आईचं रागावलेलं तोंड ओळीनं मांडलेलं असतं. शिफ्ट सुटली की माणसं ते उचलतात. भोसरीच्या एका दुकानदारानंही विचारणा केली आहे, काळेवाडीच्या एकानंही. आईनं गॅस पुन्हा पेटवला तो आता दिवसभर बंद होत नाही, आणि मीना आणखी एक मोठी कढई बघते आहे. आम्ही खाली बसून जेवतो. आई म्हणते, हेच बरं. ओट्याखालच्या डब्याला तिनं कुलूप लावलं आहे. किल्ली तिच्याकडे असते.

टोक्याचं ते लेबल मी एक जपून ठेवलं आहे. मधूनमधून भिंगातून बघतो. काम खरंच उत्तम आहे. पत्रकारितेच्या एवढ्या वर्षांत वस्तुस्थितीशी पूर्णपणे प्रामाणिक असा एकच फोटो मी छापला, आणि तो काकूंनी पहिल्याच दिवशी मागे घ्यायला लावला.